खेळातून पडद्यावर (लेखांक ६) : आयता डान्टे

मागच्या लेखांकात आपण १९९४चा ‘स्ट्रीट फायटर २’ हा अ‍ॅनिमे चित्रपट पाहिला. कथा जेमतेम, पण चुन-ली आणि वेगा यांची झुंज आजही पाहावीशी वाटते. या आठवड्याचं उदाहरण नेमकं उलटं आहे. स्टुडिओ नावाजलेला, पटकथाकार मुरलेला, नायक लाडका, आणि मूळ गेम तर अ‍ॅनिमेच्याच मातीत रुजलेला. तरीही हाती आले ते बारा मिळमिळीत भाग. ‘डेव्हिल मे क्राय’ ही मालिका मॅडहाउस स्टुडिओने केली आणि २००७ च्या जून ते सप्टेंबरमध्ये ती जपानच्या वाउवाउ या सशुल्क वाहिनीवर दाखवली गेली.

ती का फसली, हे कळायला आधी गेम कळायला हवा. कॅपकॉमने २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आणलेला हा गेम मुळात ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ म्हणून सुरू झाला होता. दिग्दर्शक हिदेकी कामिया यांच्या डोक्यातला नायक मात्र भयकथेत बसेना. भयकथेतला माणूस घाबरतो, गोळ्या जपून वापरतो, दार उघडताना दबकतो. कामियांचा नायक राक्षसांची टिंगल करत त्यांच्या अंगावर जाणारा. शेवटी वेगळा गेम काढायचं ठरलं आणि लाल कोट, पांढरे केस, पाठीवर तलवार, दोन्ही हातांत एबनी आणि आयव्हरी नावाची पिस्तुलं अशा थाटात डान्टे अवतरला. बाप राक्षस, आई माणूस.

या गेमची खरी करामत एका चुकीतून आली. कॅपकॉमच्याच ‘ओनिमुशा’ या गेमची चाचणी चालू असताना त्यात एक दोष दिसला. शत्रूवर लागोपाठ वार केले, की तो खाली पडायचाच नाही, हवेत लटकून राहायचा. तिकडे तो दोष ठरला. कामियांनी त्यावर अख्खी युद्धपद्धती उभी केली. तलवारीने राक्षसाला वर उडवायचं, खालून गोळ्या झाडून त्याला अधांतरी ठेवायचं, मग स्वतः उडी मारून हवेतच पुन्हा तलवार चालवायची. पडद्याच्या कडेला श्रेणीची अक्षरं चढत जातात. पहिल्या गेममध्ये ‘डल’पासून ‘स्टायलिश’पर्यंत, आणि २००५ च्या तिसऱ्या गेममध्ये तर एकाला एक जोडून तीन ‘एस’पर्यंत. तोच वार पुन्हा पुन्हा केला, की गुण वाढायचे थांबतात. मार खाल्ला, की श्रेणी घसरते. म्हणजे राक्षस मारला एवढ्यावर हा गेम खूश होत नाही, तो कसा मारला ते विचारतो.

आता डान्टेच्या बेफिकिरीकडे पाहा. गोष्टीत तो पहिल्या मिनिटापासून बेफिकीर आहे. खेळणारा मात्र पहिल्या मिनिटाला धडपडत असतो. एखाद्या साध्या बाहुल्याच्या हातूनही मार खातो, बटणं चुकतात, श्रेणी तळाला. मग हळूहळू शत्रूच्या हालचालींची लय कळते, बोटं सरावतात, आणि एका रात्री अचानक खेळणाऱ्याचा हात डान्टेच्या तोंडाला शोभेल असा चालायला लागतो. या गेमचं खरं कथानक हेच आहे. राजवाडे, नरकाची दारं, हरवलेला जुळा भाऊ हे सगळं त्याचं नेपथ्य. नायकाचा माज खेळणाऱ्याच्या घामाने फिटतो, म्हणून तो खटकत नाही.

अ‍ॅनिमेत हा घाम गळून गेला आणि माज तेवढा उरला. निम्मं दुखणं इथेच आहे. उरलेलं निम्मं दुखणं टाळता आलं असतं.

कारण न खेळता नुसता पाहिलेला डान्टेही आपल्याला आवडू शकतो, हे गेमनेच दाखवलं होतं. तिसऱ्या गेमच्या सुरुवातीचं दृश्य आठवा. राक्षस मारायची कामं घेण्यासाठी डान्टेने थाटलेल्या दुकानात राक्षसच घुसतात, त्यांचे विळे त्याच्या अंगात आरपार जातात, आणि हा पठ्ठ्या त्या विळ्यांसकट पिझ्झा खात चालत जातो. मग ज्यूकबॉक्सला दणका देऊन गाणं लावतो आणि एका राक्षसाच्या पाठीवर उभं राहून त्याचा स्केटबोर्ड करतो. तिथे खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, तरी तो खुळ्यासारखा पाहत राहतो. या दृश्यांमागे युजी शिमोमुरा हे मारामारीचे दिग्दर्शक होते आणि रूबेन लँग्डन हा नट अंगावर सेन्सर लावून डान्टेच्या हालचाली खरोखर करत होता. म्हणजे खेळणाऱ्याची मेहनत बाजूला झाली, तेव्हा तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी मेहनत उभी राहिली. अ‍ॅनिमेत ती जागा रिकामी राहिली. (याच लँग्डनने अ‍ॅनिमेच्या इंग्रजी आवृत्तीत डान्टेला आवाज दिला. नशिबाचे खेळ! आवाज घेतला, अंग घेतलंच नाही.)

टीव्हीच्या अ‍ॅनिमेत सेकंदाला चोवीस चौकटी असल्या, तरी प्रत्येक चौकटीला नवं चित्र कुणी काढत नाही. एकच चित्र दोन-तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला आठ ते बारा चित्रं. दर आठवड्याला एक भाग द्यायचा, तर याला इलाज नसतो आणि त्यात काही लाजिरवाणंही नाही. जाणता दिग्दर्शक दहा संवादांत चित्रं वाचवतो आणि एका झुंजीत ती उधळतो. ‘डेव्हिल मे क्राय’मध्ये वाचवलेलं दिसतं, उधळलेलं फारसं दिसत नाही. राक्षस प्रकट होतो, डोळे चमकतात, डान्टे एक टोमणा मारतो, पिस्तूल कडाडतं, संपलं. ज्या गेमने ‘कसा मारला’ हे विचारायला शिकवलं, त्याच्या अ‍ॅनिमेत ‘मारला’ एवढंच कळतं. सामना न पाहता धावफलक वाचावा, तसं.

आणि हे मॅडहाउसच्या हातून व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. कामियांनी डान्टे रचताना बुइची तेरासावा यांच्या ‘कोब्रा’ या मांगामधला (जपानी चित्रकथेतला) नायक डोळ्यांसमोर ठेवला होता. तोही बडबड्या, निर्भय, संकटात शीळ घालणारा. त्याच कोब्रावर १९८२ मध्ये ओसामु देझाकी यांनी चित्रपट केला, आणि हेच देझाकी १९७२ साली मॅडहाउस स्थापन करणाऱ्यांपैकी एक. शिवाय दुसरे संस्थापक योशिआकी कावाजिरी यांनी २००० साली याच स्टुडिओत ‘व्हॅम्पायर हंटर डी : ब्लडलस्ट’ केला होता. त्याचा नायक अर्धा माणूस, अर्धा पिशाच्च, पैसे घेऊन पिशाच्चांची शिकार करणारा. त्यातली एकेक झुंज संथपणे तापत जाते आणि मग डोळे दिपवते. म्हणजे डान्टेचं नातं मॅडहाउसशी आधीपासून होतं. घर त्याचंच होतं, पण पाहुणचार झाला नाही.

दिग्दर्शक शिन इतागाकी आणि पटकथाप्रमुख तोशिकी इनोउए यांनी निवडलेली वाट मात्र मूर्खपणाची नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. अजिंक्य नायकाची लढाई रंगवणं अवघड असतं, म्हणून त्यांनी त्याचा रिकामा वेळ दाखवला. कर्जात बुडालेला डान्टे टेबलावर पाय टाकून बसलेला, पिझ्झावर ऑलिव्ह नको म्हणून कटकट करणारा, स्ट्रॉबेरी संडेवर तुटून पडणारा. मॉरिसन नावाचा दलाल कामं आणतो. पॅटी लोवेल ही अनाथ चिमुरडी पहिल्याच भागात येते, मग दुकानात ठाण मांडून त्याला फैलावर घेते. हे दोघं एकत्र असले, की मालिका जिवंत होते. ट्रिश आणि लेडी या गेममधल्या दोघींची गाठ पडते तो चौथा भागही झकास आहे. रुनग्रान यांचं संगीत तर पूर्ण गुण मिळवून जातं.

पण दर भागात नवा राक्षस, नवं गिऱ्हाईक अशी मांडणी घेतली, की प्रत्येक छोट्या गोष्टीला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. इथल्या बऱ्याच गोष्टींचा शेवट पाचव्या मिनिटाला कळतो. त्यात वेळेचाही अडसर होता. चौथा गेम जानेवारी २००८ मध्ये यायचा होता, आणि मालिकेची कथा पहिल्या गेमनंतर पण चौथ्याच्या आधी घडणारी. म्हणजे डान्टेला मारता येत नाही, बदलता येत नाही, हरवूनही चालत नाही; पुढच्या गेमसाठी तो जसाच्या तसा परत करायचा आहे. भाऊ व्हर्जिल, ज्याच्यामुळे तिसऱ्या गेमला काळीज मिळालं, तो इथे नाहीच. बरेचसे भाग असेच गेल्यावर सिड नावाचा किरकोळ राक्षस एकदम महाबली होतो आणि शेवटची मोठी लढाई होते. भागांना गेमप्रमाणे ‘मिशन’ म्हटलंय. अकराव्याचं नाव ‘शोटाइम’, बाराव्याचं ‘स्टायलिश’. म्हणजे गेममधल्या श्रेणीच! नावं दिली, गुण मात्र मिळवायचे राहिले.

यातून काहीच उगवलं नाही, असं नाही. २०१९ च्या पाचव्या गेममध्ये मॉरिसन वेगळ्या रूपात आला, आणि पॅटी फोनवरून आपल्या अठराव्या वाढदिवसाचं आमंत्रण देताना ऐकू आली. मालिकेतलं काय खरंच चांगलं होतं, हे कॅपकॉमने अचूक हेरलं : माणसं उचलली, मारामाऱ्या सोडून दिल्या. एप्रिल २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आदि शंकर आणि कोरियाच्या स्टुडिओ मिर यांनी आठ भागांची नवी मालिका आणली. तिच्या कथेतल्या राजकारणावरून चाहते भांडत आहेत. ते भांडोत. झुंजी मात्र तिथे खऱ्या आहेत, आणि डान्टे त्यांत मारही खातो.

२००७ची मालिका पाहायचीच असेल, तर पहिला, चौथा आणि शेवटचे दोन भाग पुरेत. त्याआधी तिसरा गेम खेळा. तीन ‘एस’ मिळाले नाहीत तरी चालेल. पुढच्या लेखांकात ‘कॅसलव्हेनिया’.