दिवा गेला की पळत सुटणारं पिल्लू

अमुक औषधाने माशांच्या पिल्लांची चिंता घटली, अशा बातम्या अधूनमधून झळकतात. त्यांच्यामागचा प्रयोग बहुधा ठरलेला असतो. झेब्राफिशची पाच-सहा दिवसांची, जेमतेम 4 मिलिमीटरची पिल्लं 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या तबकात एकेक करून सोडायची. दिवा काही मिनिटं लावायचा, काही मिनिटं घालवायचा आणि अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने त्यांची धावपळ मोजायची. ते किरण पिल्लांना दिसत नाहीत.

घरातले दिवे गेले की आपण जागीच थांबतो, भिंत चाचपडतो. पिल्लू नेमकं उलट वागतं. दिवा जाताच ते अंगाचा बाक करून झटकन वळतं आणि मग कित्येक मिनिटं भराभर पोहत राहतं. अंधार टिकला तर हळूहळू मंदावतं. दिवा परत लागला की थबकतं.

या धावपळीला भीती किंवा चिंता म्हणणं मला पटत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातल्या उथळ पाण्यातला हा मासा दिवसा वावरतो. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये, गंगेतल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात, त्याचं पहिलं वर्णन केलं. त्याचं पिल्लू पाण्यातले सूक्ष्मजीव डोळ्यांनी हेरून टिपतं, म्हणजे अंधारात उपासच. अशा जिवाने उजेड सापडेपर्यंत वाट फुटेल तिकडे पोहावं आणि सापडला की थांबावं, एवढ्या साध्या नियमानेही हे वागणं उलगडतं. त्यासाठी पिल्लाच्या मनात शिरण्याची गरज नाही.

आणि दिवा गेला हे त्याला केवळ डोळ्यांनी कळतं असंही नाही! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हॅरॉल्ड बर्जेस यांच्या गटाने 2012 मध्ये डोळे आणि मेंदूतली प्रकाश जाणणारी पिनियल ग्रंथी दोन्ही नसलेली पिल्लं तपासली. अंधार होताच तीही पोहू लागली. शोध घेत गेल्यावर माग लागला तो मेंदूत खोलवर, प्रीऑप्टिक भागातल्या चेतापेशींचा आणि त्यांच्यातल्या मेलानोप्सिन या प्रकाशग्राही प्रथिनाचा. पिल्लाचं डोकं इतकं पारदर्शक असतं की उजेड तिथवर सहज पोचतो.

इथे कार्ल फॉन फ्रिश यांची आठवण काढायलाच हवी. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे म्हणून जग त्यांना ओळखतं. 1973 चं नोबेलही त्याच कामासाठी. पण 1911 मध्ये, पंचविशीत, ते नदीतल्या मिन्नो नावाच्या छोट्या माशांवर काम करत होते. आंधळ्या मिन्नोच्या डोक्यावर उजेड पडला की त्याची कातडी गडद होई, सावली आली की फिकी. पिनियल ग्रंथी काढून टाकली तरी हा बदल पुरता थांबेना. प्रकाश जाणणारं काहीतरी खुद्द मेंदूत असलं पाहिजे, असं त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. प्रकाशग्राही प्रथिनं ओळखण्याचं कोणतंही साधन हाताशी नसताना, निव्वळ कातडीच्या रंगावरून! मधमाश्यांच्या कौतुकात हे काम झाकोळलं, याची मला खरोखर खंत वाटते.

म्हणून एखाद्या रसायनाने पिल्लू अंधारात गप्प राहिलं, तर चिंता गेली असं लगेच छापू नये. डोळे अधू झाले असतील, मेंदूतली ती जाणीव बोथट झाली असेल, किंवा स्नायूच थकले असतील. तबकाला टिचकी मारून पाहावी. पिल्लू दचकून वळलं, तर निदान स्नायू शाबूत आहेत एवढं कळेल. मग डोळ्यांची तपासणी वेगळी करावी लागेल.