ठणका, सणक, आग

बेंबळीच्या आमच्या घरात दुखण्याला एक शब्द कधी पुरलाच नाही. दाढ ठणकते, पाठीत उसण भरते, पोटात कळ येते, कमरेत चमक निघते, तळपायाची आग होते. हे सगळे शब्द लहानपणापासून कानावर होते. पण रोगाचा माग यातूनच लागतो, हे मला आत्याला घेऊन सोलापूरच्या एका पेन क्लिनिकमध्ये जाऊन बसलो तेव्हा कळलं.

त्याआधीची दोन वर्षं वाया गेली. सोयाबीनच्या काढणीत आत्याची कंबर धरली. एका दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी सुई मारून घ्यायची आणि चार दिवस बरं वाटलं की पुन्हा रानात, असं चाललं होतं. सुईत काय होतं ते कुणी सांगितलं नाही, चिठ्ठीही दिली नाही. पुढं तोंड सुजलं, साखर वाढली. तिथं मला आधीच बोलायला हवं होतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मावशी, कुठं दुखतंय?’’

‘‘दुखत न्हाई ओ. आग व्हतीया. मांडीच्या मागनं पोटरीत सणक जाती.’’

डॉक्टरांनी पेन थांबवलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. स्नायू दुखावला, सांधा झिजला की ठणका लागतो. नस दबली किंवा बिघडली की आग, मुंग्या, विजेसारखी सणक. नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने राहणारी जळजळ आणि मधुमेहात रात्री पेटणारे तळपाय याच दुसऱ्या जातीचे. अशा दुखण्याला डायक्लोफेनॅकसारखी गोळी फारशी लागू पडत नाही, उलट रोज खाल्ली तर मूत्रपिंड खराब करू शकते. त्यासाठी प्रेगाबालिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं आहेत. रोनाल्ड मेलझॅक यांनी 1975 साली वेदना मोजणारी मॅकगिल प्रश्नावली मांडली, तीही रुग्णांच्या तोंडच्या शब्दांवरच उभी आहे. तिच्यात असे 78 शब्द 20 गटांत लावलेले आहेत. मराठीत अशी यादी करायला बसलं तर शब्दांचा तुटवडा पडणार नाही.

पेन क्लिनिक या कल्पनेचा जनक जॉन बोनिका हा अमेरिकन भूलतज्ज्ञ. कुस्त्या खेळून त्यानं डॉक्टरकीच्या शिक्षणाचा खर्च भागवला आणि त्या कुस्त्यांची दुखणी जन्मभर अंगावर वागवली. दुसऱ्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना त्याला उमगलं, की जुनाट वेदना एकट्या डॉक्टरला आवरत नाही. भूलतज्ज्ञ, हाडांचे, मेंदूचे, मनाचे डॉक्टर एकत्र बसले पाहिजेत. 1953 साली त्याचा वेदनेवरचा ग्रंथ आला. आपल्याकडे वेदना-अभ्यासकांची राष्ट्रीय संस्था 1984 साली स्थापन झाली. आजही हे काम करणारे बहुतेक डॉक्टर मुळात भूलतज्ज्ञच असतात.

आत्याला पालथं झोपवून पोटाखाली उशी दिली. डॉक्टरांनी शिशाचा एप्रन चढवला. सी-आर्म हे कमानीसारखं क्ष-किरण यंत्र पाठीवर आणलं. पडद्यावर मणके दिसले. सुई मिलिमीटर-मिलिमीटरनं आत गेली आणि थोडं रंगद्रव्य सोडताच नसेच्या कडेनं काळी रेघ उमटली. मगच औषध गेलं. रानातून आल्यावर झटकन मारून घ्यायची ती सुई आणि ही सुई, नाव सोडलं तर दोन्हींत काही सारखं नाही. तरीही डॉक्टर म्हणाले, ‘‘आराम काही आठवडे, फार तर काही महिने. तेवढ्यात व्यायामानं कंबर बळकट करायची.’’

असं सांगणारा डॉक्टर धरावा. ‘एका सुईत कायमचं बरं’ म्हणणाऱ्याच्या पायऱ्या उतरून यावं. भिंतीवर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक बघावा, भूलशास्त्रातल्या एमडीनंतर वेदनेचं वेगळं प्रशिक्षण कुठं घेतलं ते बिनदिक्कत विचारावं, खर्च आधी कागदावर मागावा. साखर, मूत्रपिंड, रक्त पातळ करायच्या गोळ्या यांची चौकशी न करता कुणी सुई उचलली तर हात धरावा. नुसता एमआरआय बघून ‘गादी सरकली’ म्हणणाऱ्याचंही लगेच मानू नये. काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय तपासले, तेव्हा विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत फुगलेली गादी दिसली. मात्र लघवी अडली, जांघेतली जाण गेली, पाऊल उचलेना झालं किंवा पाठदुखीबरोबर ताप आणि वजनात घट दिसली, तर पेन क्लिनिकची वेळ घेत बसू नये. तडक मोठं रुग्णालय गाठावं.

कर्करोगाच्या वेदनेचं वेगळं सांगायला हवं. शेजारच्या बार्शीतून 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. आमच्या जिल्ह्यातल्या भूम-परंड्याची गावंही तिच्यात आहेत. म्हणजे हा आजार आपल्या भागाला अनोळखी नाही. तरी मॉर्फिनचं नाव काढलं की घरातले ‘आता संपलं’ म्हणतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं डॉक्टरही धास्तावले होते. 2014 च्या दुरुस्तीनं वाट बरीच मोकळी केली. मॉर्फिनची साधी गोळी नीट मात्रेत दिली तर माणूस जेवतो, झोपतो, नातवंडांशी बोलतो. म्हणून अशा रुग्णासाठी दवाखाना निवडताना पहिला प्रश्न हाच करावा : तुमच्याकडं मॉर्फिन मिळतं का?

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी आत्याला शून्य ते दहाची पट्टी दाखवून विचारलं, ‘‘आता किती राहिलंय?’’ तिनं पट्टी बाजूला सारली.

‘‘सोळा आण्यातलं चार आणे ऱ्हायलंय बघा.’’

डॉक्टरांनी केसपेपरवर तसंच लिहिलं : चार आणे.