पंप कसा घ्यायचा, हे दाखवणारा व्हिडिओ उघडलाच नाही तर?

दम्याच्या रुग्णाला पंप लिहून देणे सोपे, तो नीट घ्यायला शिकवणे अवघड. पंप हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, तोंडाशी धरायचा भाग ओठांत घट्ट धरायचा, हळू श्वास आत घेता घेताच दाबायचे आणि मग दहा सेकंद श्वास रोखून धरायचा. कागदावर हे एक वाक्य आहे. प्रत्यक्षात अनेक जण आधी दाबतात आणि मग श्वास घेतात. औषध जिभेवर आणि घशात बसते, फुप्फुसापर्यंत पोहोचतच नाही. मग 'औषध लागू पडत नाही' म्हणून डोस वाढतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या वेळात हे सगळे करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे जमत नाही. दोन मिनिटांचा व्हिडिओ मात्र रुग्ण घरी दहा वेळा पाहू शकतो. अर्थात, तो त्याच्या फोनवर चालला तर.

नाशिकजवळचे एकलहरे घ्या. औष्णिक वीज केंद्रामुळे हे गाव राज्याला माहीत आहे. आरंभीचे १४० मेगावॅटचे दोन संच आता बंद आहेत, २१० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. कोळसा, राख आणि घरातली चूल यांच्या शेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला धाप लागली, तर नेमके कारण कोणते हे सांगणे डॉक्टरांनाही जड जाते. पंप मात्र त्याला नीट घेता आलाच पाहिजे. समजा, इथल्या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या निवृत्त परिचारिकेने ठरवले की, पंप, वाफ, श्वासाचे व्यायाम यांचे छोटे व्हिडिओ मराठीत करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवायचे. चित्रण फोनवर होते. अडते ते पुढे: फाइल कोणत्या स्वरूपात ठेवायची?

यूट्यूबवर टाकून मोकळे का होऊ नये, असे कोणी विचारेल. टाकावेच, पण तिथे व्हिडिओ संपताच शेजारी 'दमा सात दिवसांत मुळापासून बरा' असे सांगणारा पुढचा हजर असतो, हे दम्याच्या रुग्णाच्या बाबतीत किरकोळ नाही. पंप सोडून काढ्यावर आलेला रुग्ण मध्यरात्री धापा टाकत येतो तेव्हा त्याची किंमत कळते. स्वतःच्या पानावर शेजार आपल्या हातात राहतो.

या प्रश्नाशी महाराष्ट्रातच एका मोठ्या प्रकल्पाची गाठ पडलेली आहे. आयआयटी मुंबईतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा तो प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचे धडे, चित्र तेच ठेवून वेगवेगळ्या भारतीय भाषांत फक्त आवाज बदलायचा आणि इंटरनेट नसेल तिथे फाइल उतरवून घेऊन दाखवायची, ही त्याची पद्धत. सुरुवात संगणकाच्या धड्यांपासून झाली. पुढे बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या पुढाकाराने माता-बाल पोषणाचे धडे मराठीसह अनेक भाषांत आले. बाळाला छातीशी कसे धरायचे, तोंड किती मोठे उघडले पाहिजे, हनुवटी कुठे टेकली पाहिजे, हे त्यात बघायला मिळते. या गोष्टी ऐकून कळत नाहीत, पाहाव्याच लागतात. पकड चुकली तर आईला जखमा होतात, बाळाचे पोट भरत नाही आणि घरातले लोक वरच्या दुधाची बाटली आणतात.

या प्रकल्पाने सुरुवातीला आपले व्हिडिओ ओजीव्ही स्वरूपात ठेवले होते. त्यातील 'थिओरा' ही पद्धत कोणाच्याही पेटंटमध्ये अडकलेली नव्हती आणि मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पाने तीच घ्यावी, हे तत्त्वाला धरून होते. पण आयफोनच्या ब्राउझरने थिओराला कधीच दार उघडले नाही आणि २०२४ मध्ये क्रोम व फायरफॉक्स यांनीही ते बंद केले. तत्त्व चुकीचे नव्हते. बाकीच्या जगाने मात्र दुसरा रस्ता धरला होता.

स्वरूप म्हणजे नेमके काय, यात बहुतेकांचा घोळ होतो. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसणारे एमपी-फोर, वेबएम किंवा ओजीव्ही हे जेवणाच्या डब्याचे नाव आहे. आत भाजी कोणती, हे त्यावरून कळतेच असे नाही. एमपी-फोरच्या डब्यात एच.२६४ ही २००३ सालची जुनी, सगळ्यांना पचणारी पद्धत असू शकते किंवा तिची धाकटी बहीण एचईव्हीसी असू शकते. २०१७ पासून आयफोनचा कॅमेरा आपणहून एचईव्हीसीत चित्रण करतो. तो व्हिडिओ तसाच चढवला की काही जुन्या अँड्रॉइड फोनवर आवाज ऐकू येतो आणि पडदा काळा राहतो. पाहणाऱ्याला वाटते आपला फोन बिघडला, चढवणाऱ्याला काहीच कळत नाही. २०१८ मध्ये आलेली एव्ही-वन ही पद्धत पेटंटचे शुल्क नसलेली आणि आकाराने आणखी आटोपशीर. पण ती उलगडण्याची सोय ज्या फोनच्या चिपमध्ये नाही, तो फोन तापतो आणि बॅटरी झरझर उतरते. गावात हातोहात फिरणारे फोन असेच जुने असतात. म्हणून आज तरी घरगुती संकेतस्थळासाठी निवड सरळ आहे: एमपी-फोरचा डबा, आत चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी. आणखी उत्साह असेल तर जोडीला वेबएमची प्रत ठेवावी. पण एकच ठेवायची असेल तर हीच.

एवढे आकसून चित्र चांगले कसे दिसते, याचे उत्तर आपल्या डोळ्यात आहे. १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला २५ चित्रे. न आवळता साठवले तर सेकंदाला ६९ मेगाबाइट होतात, म्हणजे दोन मिनिटांना आठ गिगाबाइटहून जास्त. तोच व्हिडिओ नीट आवळला की १५ मेगाबाइटच्या आसपास येतो. एक तर लागोपाठच्या चित्रांत फारसे काही बदलत नाही. भिंत तीच, खुर्ची तीच, हलतो तो फक्त हात आणि छाती. तेवढाच बदल नोंदवायचा. दुसरी युक्ती शरीरशास्त्राची आहे. दृष्टिपटलावर उजेड टिपणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी, तर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी ६० लाखांच्या घरात. या आकड्यांत सगळे उत्तर नाही, मेंदूचाही वाटा आहे. पण एकूण आपल्याला उजेडातला फरक जितका बारीक दिसतो तितका रंगातला दिसत नाही. व्हिडिओच्या पद्धती याचाच फायदा घेतात. उजेड प्रत्येक ठिपक्याचा नोंदवतात, रंग चार ठिपक्यांना मिळून एकच. डोळा तक्रार करत नाही.

डॉक्टरांनी मात्र करावी. पंप कसा धरायचा हे दाखवायला ही काटकसर चालते. अंगावरचे पुरळ लाल आहे की जांभळट, दाबल्यावर ते फिके पडते की नाही, हे आवळलेल्या व्हिडिओवरून ठरवणे धोक्याचे आहे. तापात त्वचेखाली रक्त साकळत असेल तर तो फरक जिवाशी येतो. अशा वेळी मूळ छायाचित्र, दिवसाच्या उजेडात काढलेले, न आवळता पाठवलेले बरे. त्याहून बरे रुग्णाला घेऊन येणे. मुलाला झटका आला तर मात्र नातेवाइकाने धीर धरून काढलेला कसलाही धुरकट व्हिडिओ उपयोगी पडतो, कारण तिथे रंग नाही, हालचाल पाहायची असते. झटका कोणत्या बाजूने सुरू झाला, डोळे कुठे वळले, हे आठवणीतून सांगताना चुकते.

काटकसर करायचीच असेल तर ती आवाजात करू नये. वय वाढते तसे उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ ही अक्षरे एकमेकांत मिसळतात. 'श्वास सोडा' आणि 'श्वास ओढा' यांत गल्लत झाली तर व्हिडिओ उलटा परिणाम करील. बोलण्यासाठी एका कानाचा, म्हणजे मोनो, ६४ किलोबिटचा आवाज पुरतो आणि दोन मिनिटांना जेमतेम एक मेगाबाइट घेतो. पंखा बंद करून, माइक तोंडाजवळ धरून बोलणे हे कोणत्याही स्वरूपापेक्षा जास्त कामाचे. सोबत मराठी मजकुराची पट्टी वेगळ्या फाइलमध्ये द्यावी, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. नेटवर्क अशक्त असेल तर ४८० ओळींची, साडेसात-आठ मेगाबाइटची प्रतही ठेवावी.

काही जण व्हिडिओऐवजी हलते चित्र, म्हणजे जीआयएफ वापरतात. त्यात आवाज नाही, रंग फक्त २५६ आणि वजन व्हिडिओपेक्षा भारी. शिवाय ते थांबवण्याचे बटण नसते. लुकलुकणाऱ्या चित्रांनी काही जणांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग लागला आणि त्यातल्या लाल-निळ्या झगमगाटानंतर सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील काहींना खरा झटका नक्की आला होता. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये, हा संकेतस्थळांसाठीचा नियम त्या प्रकारच्या धोक्यासाठीच आहे.

फोनवर काढलेल्या फाइलमध्ये चित्रणाची जागा आणि वेळही गुपचूप नोंदलेली असू शकते. रुग्ण दिसत असेल तर लेखी संमती हवीच आणि ही नोंदही फाइलमधून काढून टाकायला हवी. नाहीतर 'क्षयरोगाची एक रुग्ण' म्हणून चेहरा झाकायचा आणि घराचा पत्ता मात्र फाइलबरोबर वाटायचा, असे होते.

शेवटची अडचण किरकोळ दिसते, पण सर्वांत जास्त लोक इथेच परततात. एमपी-फोर फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते आणि कॅमेरा ती शेवटी लिहितो. ती वाचल्याशिवाय ब्राउझरला व्हिडिओ सुरू करता येत नाही, त्यामुळे चाक फिरत राहते. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल तयार करताना 'वेब ऑप्टिमाइझ्ड' या खुणेवर टिक केली की अनुक्रमणिका पुढे येते आणि पंप हलवणारा हात लगेच दिसू लागतो. फोनमधली मूळ फाइल मात्र पुसू नये. आवळलेल्या प्रतीवरून पुन्हा नवी प्रत काढली की चित्र आणखी बिघडते, आणि दहा वर्षांनी ब्राउझर कोणते स्वरूप बंद करतील हे आज कोणी सांगू शकत नाही.