मूळ संहितेतील दुरुस्ती

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज ठप्प केले. त्याने पसरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक असलेल्या विंडोजमधील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दुरुस्ती दिली होती, ही गोष्ट अधिक खेदाची.

विंडोजची दुरुस्ती तयार स्वरूपातच मिळते. लिनक्स किंवा ओपनबीएसडी यांसारख्या मुक्त प्रणालींत मात्र ती मूळ संहितेत, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या आज्ञावलीत, वापरकर्त्यालाही करता येते. कोणती ओळ वगळायची आणि कोणती घालायची एवढेच सांगणाऱ्या छोट्या मजकूर-फाइलीला पॅच म्हणतात. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला याच नावाचा प्रोग्रॅम हे बदल संहितेत करतो, आणि त्यानंतर ती संहिता संकलित करून, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणून, नव्याने बसवावी लागते. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला असेल, तर संगणक पुन्हा सुरू करणेही आवश्यक असते, कारण तोपर्यंत जुना सदोष गाभाच चालू राहतो.

नागपुरातील ‘मिहान’मधील कंपनी असो की सीताबर्डीतील छोटे कार्यालय, सर्व्हर सांभाळणाऱ्याने पॅचची डिजिटल स्वाक्षरी तपासावी आणि तो विनाविलंब लावावा.