निवृत्तीनंतर स्वस्त गावी राहायला जायचंय? कवठे महांकाळचं उदाहरण घेऊन हिशोब करून पाहू

निवृत्ती जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत एक बेत ठरू लागतो. इथली खोली विकायची, लहान गावात घर घ्यायचं आणि उरलेल्या पैशांच्या व्याजावर राहायचं. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातून, म्हणजे कवठे महांकाळ, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून, कित्येक जण पोटासाठी शहरांत गेले. त्यांच्यासाठी हे परतणं असतं, इतरांसाठी नवा मुलूख. धोका मात्र दोघांनाही सारखाच आहे. शहरातलं घर एकदा विकलं की त्याच पैशांत ते पुन्हा मिळणं कठीण.

म्हणून आधी कवठे महांकाळचं उदाहरण घेऊन चार गोष्टी तपासू.

व्याज किती वर्षं पुरेल?

पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. एप्रिल 2023 मध्ये तिचा दर 8.2 टक्के झाला. या दराने 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिन्याला 20,500 रुपये पडतात. दर तीन महिन्यांनी सरकार दराचा आढावा घेतं, पण खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो.

लहान गावात एवढ्यात दोघांचं भागेलही. पण महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढली, तर 12 वर्षांनी या 20,500 ची किंमत निम्म्यावर येते. म्हणून गावातल्या स्वस्ताईतून वाचणारा पैसा खर्चून टाकायचा नाही, पुन्हा गुंतवायचा. स्वस्त गावाचा खरा फायदा हाच आहे.

पाणी कुठून येतं?

सांगली जिल्ह्यात जागा निवडताना पाण्याची दोन टोकं दिसतात. कृष्णेकाठच्या सांगली शहरात पाणी मुबलक, पण 2005, 2019 आणि 2021 साली तिथल्या घरांत महापुराचं पाणी शिरलं. कवठे महांकाळला त्या पुराची भीती नाही. मात्र हा पर्जन्यछायेचा भाग. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून या भागात आणलं जातं. त्यामुळे द्राक्षबागा वाढल्या, तलाव भरू लागले. तरी हे पाणी आवर्तनाने येतं आणि ते पंपावर, म्हणजेच विजेवर अवलंबून असतं.

म्हणून घर बघायला दिवाळीत नाही, मे महिन्यात जा. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, टँकर घ्यावा लागतो का, बोअर आटते का, हे शेजाऱ्यांना विचारा. टँकरचा खर्चही हिशोबात धरा.

रात्री दोन वाजता दवाखान्यात कसं जाल?

या बाबतीत कवठे महांकाळची बाजू बरी आहे. वैद्यकीय सेवेसाठी जुनं नाव असलेलं मिरज साधारण 35-40 किलोमीटरवर आहे. तिथलं वॉन्लेस हॉस्पिटल 1894 मध्ये सुरू झालं आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तिथं आहे. मिरज-पंढरपूर रेल्वेमार्गावर कवठे महांकाळ स्टेशन आहे आणि मिरजेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्गही जवळ आहे.

ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पण ते योजनेतल्या रुग्णालयातच, भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च आपलाच. एसटीत 65 ते 75 वयापर्यंत अर्धं तिकीट आणि 75 नंतर मोफत प्रवास आहे. मात्र डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा जायची वेळ आली, तर पैशांपेक्षा सोबत कोण येणार, हा प्रश्न मोठा ठरतो.

जमीन घ्यायची की घर?

स्वस्त दिसते म्हणून शेतजमीन घेण्याची घाई करू नका. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर अनेक वारसांची नावं असतील, तर वाद निस्तरण्यात निवृत्ती निघून जाते. त्यापेक्षा गावठाणातलं किंवा अकृषिक प्लॉटवरचं घर बरं. तेही वकिलाकडून कागदपत्रं तपासून घ्या. वडिलोपार्जित घर असेल, तर आपला हिस्सा आधी नावावर झाला आहे का, ते पाहा.

मग ठरवायचं कसं?

शहरातलं घर लगेच विकू नका. ते भाड्याने द्या आणि निवडलेल्या गावात स्वतः वर्षभर भाड्याने राहा. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एखादं आजारपण तिथं काढलं की खरा खर्च वहीत दिसतो.

शेवटचा प्रश्न पती-पत्नीने एकमेकांना विचारायचा आहे. आपल्यापैकी एकच मागे राहिलं, तर ते या गावात एकटं राहू शकेल का? बँकेत कोण नेईल, औषध कोण आणेल, संध्याकाळी दारात येऊन कोण बसेल? कवठे महांकाळमध्ये तुमची चार माणसं असतील, तर ते तुमच्यासाठी खरंच स्वस्त आहे. नसतील, तर थोडं महाग पण माणसांचं गाव शोधा.