‘आ’ कर पाहू!

पोलादपूर तालुक्यातील डोंगरउतारावरच्या एखाद्या वाडीत ऐन पावसात लहान मूल तापाने फणफणते. घास गिळताना रडते. घसा धरला, असे आई ओळखते. मुलाला खाली पोलादपूरला किंवा महाडला नेले, की डॉक्टर पट्टीने जीभ दाबतात आणि म्हणतात, “आ कर पाहू!” त्या दोन क्षणांत ते काय पाहतात?

आधी एक प्रयोग करा. आरशासमोर तोंड उघडून आत बॅटरीचा उजेड टाका आणि ‘आ’ म्हणा. टाळूचा मागचा मऊ भाग पडजिभेसह वर उचलला जाईल व घशाची मागची भिंत दिसू लागेल. दोन बाजूंचे मांसल गोळे म्हणजे टॉन्सिल.

घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो. ते नाकापासून खालपर्यंतच्या अस्तरावर पसरतात. म्हणून नाक गळते, खोकला येतो, आवाज बसतो. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काडीइतकाही परिणाम होत नाही. विश्रांती, कोमट पाणी, तापाचे औषध एवढ्यावर आठवडाभरात मूल खेळू लागते. इंजेक्शन दिले नाही म्हणून पालक रुसतात खरे, पण अशा वेळी न देणारा डॉक्टरच बरोबर असतो.

स्ट्रेप्टोकोकस या जंतूचे मात्र तसे नाही. तो मुख्यतः घशात आणि टॉन्सिलवर ठाण मांडतो. ताप असतो, टॉन्सिल सुजून त्यांवर पांढरे ठिपके दिसतात, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, आणि खोकला मात्र नसतो! 1981 मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट सेंटर यांनी याच चार खुणांवरून अंदाज बांधण्याची रीत मांडली. पुढे तिच्यात वयाची भर पडली, कारण हा जंतू 5 ते 15 वर्षांच्या मुलांना अधिक गाठतो; तीन वर्षांखाली क्वचित. पक्की खात्री घशातील स्राव प्रयोगशाळेत वाढवून होते, पण त्याला एकदोन दिवस लागतात.

एवढी खटपट कशासाठी? या जंतूच्या आवरणातील एक प्रथिन आपल्या हृदयातील प्रथिनासारखे असते. जंतूवर चालून गेलेले शरीराचे सैन्य काही मुलांत दोनतीन आठवड्यांनी स्वतःच्याच हृदयावर उलटते. याला संधिवाताचा ताप म्हणतात. सांधे सुजतात आणि बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या बिघडू शकतात. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन सुरू केले, तर हे टळते. गोळ्या मात्र पुरे दहा दिवस घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी बरे वाटते आणि उरलेली पुडी फळीवर पडून राहते, तिथेच घात होतो.

घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला, तर डॉक्टर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तो घटसर्प. पापुद्र्याने श्वास कोंडतो आणि जंतूचे विष हृदयापर्यंत पोहोचते. म्हणूनच घसा पाहता पाहता लसीकरणाचे कार्डही मागतात. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांचे डोस बहुधा झालेले असतात. दीड ते दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर राहून जातो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मुलाची लाळ गळत असेल आणि श्वासाला आवाज येत असेल, तर घरी चमच्याने जीभ दाबून पाहू नये. श्वास अडकण्याचा धोका असतो.

मूल ठणठणीत दिसत असतानाही तपासणी हवी. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांना एकदा तपासतात. शोधायच्या आजारांच्या यादीत संधिवाताचा हृदयरोगही आहे. निरोगी हृदयाचा ‘लब-डब’ आवाज झडपा मिटण्याचा असतो. झडप नीट मिटली नाही, तर रक्त मागे सांडते आणि दोन ठोक्यांमध्ये फुसफुस ऐकू येते. सोनोग्राफीने खात्री झाली, की त्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि तेही कित्येक वर्षे. वाडीवरून दर वेळी घाट उतरून, एस.टी. गाठून यायचे. बिघडलेली झडप त्याने दुरुस्त होत नाही. ती आणखी बिघडू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.