फटी बुजवाव्यात, पण घराचा श्वास कोंडू नये

ग्वाल्हेरचा उन्हाळा जितका प्रखर, तितकाच हिवाळा बोचरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा पाच अंशांच्या आसपास उतरते. लष्कर भागातील आपली जुनी दगडी घरे मात्र प्रामुख्याने उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली आहेत. उंच छत, मोठी दारे आणि छतालगतचे रोशनदान ही जेठातील सोय थंडीत अडचण होऊन बसते.

थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड व समशीतोष्ण प्रदेशांसाठी घरातील किमान तापमान १८ अंश सुचविले, ते याच कारणाने. म्हणून वृद्ध रुग्णांना औषधाबरोबर त्यांच्या खोलीविषयीही मी विचारत असतो.

गरम हवा हलकी असल्याने वर चढते व रोशनदानावाटे निघून जाते. तिची जागा घेण्यासाठी दाराखालून थंड हवा आत ओढली जाते. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल, तर ती भिंतीला साडेनऊ सेंटिमीटर लांबी-रुंदीचे चौकोनी भोक ठेवण्यासारखीच होय.

फटी शोधण्यास उदबत्ती पुरेशी आहे. वारा असेल त्या दिवशी पंखे बंद करून ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवावी. पडदे मात्र दूर सारावेत. जेथे धूर एकाएकी वाकतो, तेथे फट समजावी. दाराखाली रबरी पट्टी, झडपांच्या कडांना फोमची पट्टी, चौकट व भिंत यांमधील भेगेत सिलिकॉन आणि वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवती लांबी भरावी.

फटी बुजल्यावरच उष्णतारोधनाचा विचार करावा. रजईतील कापूस ऊब देतो तो त्यात अडकलेल्या स्थिर हवेमुळे. थर्मोकोलचे अस्तर, जाड पडदे व जमिनीवरील सतरंजी यांचे तत्त्व तेच. प्रथम छताकडे लक्ष द्यावे. तेथील रोधन उन्हाळ्यातही उपयोगी पडते.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या खोलीत काही जळते, तेथील हवेची वाट कधीही बुजवू नये. कोळशाची शेगडी शयनगृहात नकोच. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर बसवावा. तो आत असेल, तर तसा वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे घरातील अनेकांना एकाच वेळी दिसली, तर सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत यावे व रुग्णालय गाठावे. माझ्या व्यवसायबंधूंना स्मरण एवढेच, की अशा रुग्णात साधा पल्स ऑक्सिमीटर समाधानकारक आकडा दाखवून फसवितो. संशय येताच शुद्ध प्राणवायू सुरू करावा.

बंदिस्त खोलीत ओल धरते, बुरशी वाढते आणि क्षयासारख्या रोगांचे जंतू हवेत साचून राहतात. यास्तव दुपारी ऊन असताना खिडक्या काही काळ सताड उघडाव्यात. वारा आपल्या इच्छेने घरात यावा, फटींच्या इच्छेने नव्हे; एवढे साधले, की हिवाळा सुखाचा होतो.